काचेखालची ताटली

स्पंज कोरडा होता. हिरव्या प्लॅस्टिकच्या वाटीतला तो गोल स्पंज, कडांनी वर वळलेला, मधोमध बोटाच्या जागी दबलेला — आणि पारूबाई बाकावरून मान जरा पुढे काढून बघत राहिल्या, की तो खरंच कोरडा आहे, की या नव्या काचेतून सगळंच असं पाणी आटल्यासारखं दिसतं. काच जाड होती. किती जाड ते तिच्या कडेवरून कळत होतं. कडेला ती काच न राहता हिरवट होत होती, रंकाळ्याच्या काठाजवळच्या पाण्यासारखी. वाटी मात्र ओळखीची. तिच्या काठाला चटका बसून पडलेला डाग इथून दिसत नव्हता, पण तो आहे हे त्यांना माहीत होतं, कारण वाटी त्यांचीच. निवृत्तीच्या दिवशी टेबल रिकामं करताना घरी आणलेली एकुलती एक वस्तू. मग कितीतरी वर्षं ती स्वयंपाकघराच्या खिडकीत टाचण्या-बटणं सांभाळत बसली, आणि साक्षी याच बँकेत लागली त्या सकाळी पारूबाईंनी टाचण्या बाहेर ओतल्या, वाटी घासली, नवा स्पंज घातला आणि नातीच्या डब्याच्या पिशवीत ठेवून दिली.

"आज्जी, आता नोटा मशीन मोजतंय गं," साक्षी हसली होती.

"मोजू दे की मशीन. तू बोट भिजव."

आज ती बोट भिजवत नव्हती. काचेमागे ताठ बसली होती, दोन्ही हात टेबलाच्या कडेशी, जशी शाळेत वर्गाचा फोटो काढताना बसायची. उन्हाळ्यात ते झालं, त्यानंतर आज पहिल्यांदा ती या खुर्चीत बसली होती. सकाळी निघताना म्हणाली, "आजचा दिवस बसून बघते. नाही जमलं तर संध्याकाळी राजीनामा देऊन येते. बाबांना आत्ताच काही बोलू नकोस." बाबा म्हणजे प्रसेनजीत, पारूबाईंचा मुलगा, तो ऐकता तर म्हणाला असता, दे ना, कोण अडवतंय. म्हणून तर त्याला सांगायचं नाही. हे सगळं ती आजीकडे न बघता म्हणाली, कपाकडे बघत. आणि कप... कप पारूबाईंनी तिच्यापुढे धरला होता, वाफ निघत होती, आणि ती म्हणाली, "ठेव तिथं, घेते मी."

ठेव तिथं.

उन्हाळ्यापासून घरात हेच. भाजीचं ताट, धुतलेली ओढणी, डोकेदुखीची गोळी — काहीही हातात द्यायला जावं तर तिचा हात मागे जातो, अगदी थोडा, दुसऱ्या कुणाच्या लक्षातही येणार नाही इतका, आणि मग ती शांतपणे म्हणते, ठेव तिथं. डॉक्टरीण म्हणाली, वेळ द्या. देतोच आहोत. वेळ सोडून दुसरं काय आहे माझ्याजवळ? पण ते दोन शब्द कानावर पडले की पायांखालची फरशी जरा सरकते, आणि मी त्या कट्ट्यावर कप ठेवते तेव्हा माझा हात आत्ताचा नसतो. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीचा असतो, काचेच्या बांगड्या घातलेला, आणि समोर सागवानी फळी असते.

ती फळी याच जागी होती. फळीवर जाळी, जाळीला कमानीसारखी खिडकी, आणि आत पारू. तिचे वडील शाहूपुरीत वखारीत पोती उचलायचे. ती पाच-सहा वर्षांची असताना एका संध्याकाळी सगळ्या गल्लीनं जुने देव पोत्यात बांधून नदीला दिले, घरात पंचशील म्हणायला सुरुवात झाली, नंतरच्या भावंडांना नवी, सुंदर नावं मिळाली, पण शाळेच्या दाखल्यावर हिची पारू ती पारूच राहिली. मॅट्रिक झाली, टायपिंग झालं, बँकेत लागली. पहिल्या दिवशी तिनं जाळीच्या खिडकीतून हात बाहेर काढला — तळवा वर, जसा कुणीही कॅशियर काढेल तसा — आणि समोरच्या धोतरवाल्या गृहस्थांनी त्या तळव्याकडे एकदा बघितलं, मग तिच्या टेबलावरच्या पाटीवरचं आडनाव वाचलं, आणि नोटा तळव्याच्या बाजूला, फळीवर ठेवल्या. रागानं नाही. अगदी सावकाश, नीट रचून. त्यांच्यामागच्यानंही तसंच केलं. काही जण सराईतपणे वरून सोडायचे. नाणी फळीवर नाचत जायची आणि ती पसरलेल्या हातानं त्यांना गोळा करायची. कुणी वाईट बोललं नाही. तक्रार करावी असं काही नव्हतंच. फळीवर पैसे ठेवणं हा काय गुन्हा आहे?

"आज्जी, टोकन घेतलासा न्हवं?" दाराजवळचा बंदूकवाला रखवालदार विचारत होता.

"घेतलंय बाबा."

"मग ऱ्हावा बसून. पडद्यावर नंबर येतोय. हयातीच्या दाखल्याचं काम आज कॅशच्याच खिडकीला हाय, मशीन एकच चालू हाय."

ते त्यांना माहीत होतं; म्हणूनच तर आल्या होत्या. हयातीचा दाखला प्रसेनजीत घरी मोबाइलवर काढून देत होता, चेहरा दाखवला की झालं. नको म्हणाल्या. जिवंत आहे हे मोबाइलला कशाला दाखवायचं, बँकेत जाऊन दाखवते. त्याला वाटलं, म्हातारीला जुन्या जागेची ओढ आहे. होतीच. पण खरं म्हणजे बघायचं होतं, साक्षी त्या खुर्चीत कशी बसते. सहज बसते की... तिला कळू न देता बघायचं होतं, आणि ती तर आल्या आल्याच बघून चुकली होती, भुवई जराशी उचलून, आणि मग तिनं नजर काढून घेतली होती.

बाकावर शेजारी एक पावणे बसले होते. पांढरी टोपी, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, अंगाला गुळाचा वास. त्यांचं एका जागी मन नव्हतं.

"काय म्हणायची ही काच," ते कुणालाच उद्देशून नाही असं, पण मोठ्यानं म्हणाले. "आतली माणसं माशावानी दिसत्यात. बोललं की तोंड हलतंय, आवाज येतोय भलतीकडनंच."

"बंदुकीची गोळी अडवते ती," पारूबाई म्हणाल्या.

"आतल्यांची अडवती. आपलं काय?" आणि ते स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. "आपुन भाईरच की!"

गोळी अडवते. साक्षीनंच एकदा समजावून सांगितलं होतं, काच बसत होती तेव्हा, ती घरी होती तेव्हा. फोनवर कुणाकडून ऐकून. आज्जी, याला बुलेटप्रूफ म्हणत नाहीत. पूर्ण अभेद्य असं काही नसतं. काचेचे थर असतात आणि मध्ये मध्ये प्लॅस्टिकचे पापुद्रे. गोळी आली की काच तडकते, एकेक थर तडकत जातो, पण गोळी मधेच कुठेतरी रुतून बसते, पलीकडे जात नाही. — मग ती गोळी काढतात का? पारूबाईंनी विचारलं होतं. — नाही गं, अख्खी काचच बदलावी लागते. — त्या रात्री झोप लागेपर्यंत त्या विचार करत राहिल्या, की माणसाची काच कुठं बदलून मिळते. फळीवर ठेवलेली एकेक नोट माझ्यात कुठे कुठे रुतून बसली असेल, पलीकडे मात्र जाऊ दिली नाही. पोराला त्यातलं काही सांगितलं नाही. नातीला तर नाहीच. नातीला फक्त एवढंच सांगितलं, नोकरीच्या पहिल्या दिवशी, वाटी देताना: पैसे फळीवरून उचलायचे नाहीत, हातातून घ्यायचे. हात पुढे करायचा. समोरचा कोणीही असो.

आणि तिनं केला. ती आज्ञाधारक पोर. हेल्मेट घातलेल्या माणसानं स्लिप पुढे धरली तेव्हा तिनं हात पुढे केला आणि त्यानं स्लिपसकट तिचं मनगट पकडलं. दुसऱ्या हातात पिस्तूल होतं. रखवालदार ओरडला, गोळी सुटली, तिच्या कानाजवळून मागच्या लाकडी कपाटात गेली. तो आणि दाराशी थांबलेला त्याचा साथीदार, दोघं पळाले, पुढे सापडलेही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, असं सगळे म्हणतात. मनगटावर बोटांचे वळ होते, तेही आठवड्यात गेले.

माझं सांगणं चुकलं असं मला वाटत नाही. वाटून घेता येत नाही. कारण ते खोटं असेल तर बनाबाईंचा हात खोटा होईल.

बनाबाई... पारूबाईंनी पदर सारखा केला. या इमारतीत पाऊल टाकलं की बनाबाई येतातच, मग खांब नवे असोत, फरशी नवी असो. गडमुडशिंगीच्या, मोठ्या शेतकरी घरातल्या, विधवा. म्हशींचा व्यवहार स्वतः बघायच्या. नऊवारीचा काष्टा, दंड उघडे आणि गोंदलेले, आवाज असा की मॅनेजर केबिनमधून बाहेर यायचे. पहिल्यांदा आल्या तेव्हा पारूनं हात बाहेर काढलाच नव्हता. तोवर तिचा हात शहाणा झाला होता, आतच थांबायचा, फळीवर पैसे येण्याची वाट बघत. बनाबाईंनी कनवटीची गाठ सोडली आणि जाळीतून आत बघितलं.

"हात पुढं कर की गं पोरी. का मीच आत येऊ?"

पारूनं हात काढला. बनाबाईंनी नोटा तिच्या तळव्यावर ठेवल्या आणि वरून तिची बोटं एकेक करून मिटली, लहान मुलाच्या हातात खाऊ देऊन मूठ बंद करतात तशी. नोटा गरम होत्या. कनवटीला, पोटाशी बांधून आणलेल्या नोटा — अंगाच्या उबेनं गरम, घामानं जराशा ओलसर, दुधाचा आंबूस वास असलेल्या. पारूला तोवर माहीतच नव्हतं की पैसे गरम असतात. फळीवर त्यांना गार व्हायला वेळ मिळायचा.

मग अंगठा. बनाबाईंना सही येत नव्हती. अंगठा घ्यायचा तर कारकुनानं तो स्वतःच्या बोटांत धरायचा, शाईच्या पॅडवर दाबायचा आणि कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळवायचा, नाहीतर ठसा फिसकटतो. ज्यांना नको असायचं ते पारूच्या खिडकीला अंगठा देतच नसत. शेजारच्या टेबलाकडे जात. ती रांगेकडे बघत थांबली. रांगही तिच्याकडे बघत होती.

"धर की नीट," बनाबाई म्हणाल्या. आणि मग आवाज एकदम खाली आणून, जणू त्यांनाच लाज वाटावी तशा, "शेणाचा हात हाय. धार काढून तसाच आलोय मी. धुतलाय, पर वास ऱ्हातोय."

त्या वाक्यासाठी... आयुष्यात पुढे पुष्कळ चांगलं झालं, बढती झाली, घर झालं, सभेत शाल मिळाली, पण त्या एका वाक्यासाठी मी अजून कधीकधी दुपारी डोळे मिटून पडते. एक बाई माझ्या हातात हात देताना स्वतःच्या हाताबद्दल संकोचली होती.

आणि तरीही, हेही खरं, की पुढे दोन-तीन वर्षांनी एका लग्नाला त्या बाजूला गेले असताना बनाबाईंच्या दारात उभी राहिले, हौसेनं. त्या अंगणात होत्या. हसल्या, बस म्हणाल्या. सुनेनं चहा आणला तो कान तुटलेल्या कपात, आणि कप माझ्या हातात न देता ओट्याच्या कडेवर ठेवला. बनाबाईंनी ते बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हशीकडे बघायला लागल्या. मी चहा प्यायले. साखर बरोबर होती. नंतरच्या बाजारी त्या खिडकीला आल्या तेव्हा त्यांनी नोटा नेहमीसारख्या तळव्यावर ठेवल्या, बोटं मिटली, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ मूठ धरून ठेवली. मग एक दिवस त्यांच्याऐवजी त्यांचा मुलगा यायला लागला, आणि तो पैसे फळीवर ठेवायचा.

मग मला नेमकं काय हवंय, इतकी वर्षं? तो तळवाच ना? ओट्यावरच्या कपासकट? होय, असंच वाटतं. त्यासकट.

पडद्यावर नंबर बदलला आणि पारूबाई उठल्या.

जवळ गेल्यावर काच आणखीच जाड झाली. खाली, फळीच्या जागी दगडी पट्टी होती आणि काचेखालून आरपार गेलेली एक स्टीलची खोलगट ताटली, भाकरी थापायच्या काठवटीसारखी, पण अरुंद. एक हात मनगटापर्यंत जाईल एवढी. लोक त्यात पैसे ठेवत होते, आतून उचलले जात होते. कुणाचंच कुणाच्या हाती लागत नव्हतं. धोतरवाले गृहस्थ असते तर त्यांना फार सोयीचं झालं असतं, पारूबाईंच्या मनात आलं, आणि त्याच वेळी हेही आलं, की या ताटलीपुढे सगळेच सारखे, ज्यांच्यासाठी ही सोय कधी हवीहवीशी होती तेही. याचा आनंद व्हायला हवा होता. होत नव्हता.

"आधार नंबर सांगा." आवाज डोक्यावरच्या जाळीदार डबीतून आला. साक्षीचे ओठ हलले ते नंतर, किंवा आधी.

सांगा. मला. पण ऑफिसात असंच बोलावं. पारूबाईंनी नंबर सांगितला.

साक्षीनं वायर लावलेलं छोटं यंत्र ताटलीत ठेवलं आणि हात लगेच मागे घेतला. यंत्राच्या काचेवर लाल उजेड होता. पारूबाईंनी अंगठा टेकवला. यंत्रानं नाही म्हटलं. त्यांनी अंगठा पदराला पुसून पुन्हा टेकवला.

"जरा जोरात दाबा."

दाबला. झिजलेला अंगठा. भांडी, नोटा, शाई, पोरांची डोकी, काय काय घासून त्यावरच्या रेषा गेल्या होत्या. इतरांचे अंगठे धरण्यात हयात गेली आणि आता मीच जिवंत आहे हे पटत नाही कुणाला. पूर्वी कारकून हात बाहेर काढून, अंगठा धरून, असा — असा — दाबून द्यायचा. साक्षी काचेमागून बघत होती. तिला माहीत होतं काय करायला हवं. लहानपणी तीच हा अंगठा मुठीत धरून झोपायची, सोडवायला गेलं की झोपेतच घट्ट करायची. ताटलीच्या त्या टोकाला तिची बोटं आली. स्टीलच्या काठावर थांबली. ये. एवढंसंच तर अंतर आहे, ये ना...

बोटं मागे गेली.

"आवो आज्जी, दाबा की जरा!" मागून गुळाचा वास आला. "गुऱ्हाळाचं चुलवाण पेटवून आलोय मी, तिकडं काकवी करपंल माझी."

"दाबतेय हो. उमटत नाहीये."

"आणा हिकडं." आणि त्यांनी विचारलं नाही, थांबले नाहीत, बाजूनं हात घालून पारूबाईंचं मनगट धरलं. धरलं म्हणजे पकडलंच, बैलाची वेसण धरावी तसं, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं त्यांच्या नखावर दाब दिला.

काचेमागे साक्षी उभी राहिली होती.

खुर्ची मागे गेल्याचा आवाज डबीतून आला नाही, पण ती कपाटाला जाऊन आदळलेली दिसली. साक्षीचं तोंड पांढरं पडलं होतं. ती त्या पुरुषाच्या हाताकडे बघत होती, मनगटाभोवती मिटलेल्या त्या काळ्या, चिकट बोटांकडे. आणि तिचा उजवा हात टेबलाखाली गेला होता. तिथे काय आहे ते पारूबाईंना माहीत होतं. त्यांच्या वेळीही तिथेच होतं, पायाशी. एक बटण, आणि मग भोंगा, रखवालदार, बंदूक, हा गुळाचा माणूस जमिनीवर, आणि संध्याकाळी राजीनामा.

पारूबाईंनी मनगट सोडवून घेतलं नाही. सोडवलं असतं तर... का कुणास ठाऊक, पण तेवढं कळलं, की आत्ता हात ओढायचा नाही. त्यांनी डावा हात उचलला आणि त्या परक्या हातावर ठेवला. वरून, सावकाश, बोटं एकेक करून मिटत. खरखरीत होता. गरम होता, चुलवाणापासून आत्ताच उठून आल्यासारखा.

"राहू दे गं," त्या काचेकडे बघून म्हणाल्या. ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. डबीचं बटण तिच्या बाजूला होतं. "राहू दे. दाबतायत नुसते."

"कुणाला राहू दे म्हणतायसा?" पावणे म्हणाले.

"नात आहे माझी."

"आँ? मग तिला सांगा की लवकर आटपाय." आणि काचेकडे तोंड करून, ओरडून: "ताई! आज्जी हाईत जित्या! मी सांगतो की! लिवून घ्या!"

साक्षी तशीच उभी होती. तिची नजर आता आजीच्या डाव्या हातावर होती. रांगेत कुणीतरी खोकलं, पंखा फिरत होता. मग यंत्रावरचा लाल उजेड हिरवा झाला आणि त्यानं एक बारीक, मूर्ख वाटावा असा आवाज केला. साक्षीचा हात टेबलाखालून वर आला. रिकामा. तिनं खुर्ची ओढली. बसली. पडद्याकडे बघत काहीतरी टाइप केलं.

"झालं," डबी म्हणाली. मग जरा थांबून, "आज्जी, तिथं बस जरा."

बस. बसा नव्हे.

पारूबाई बाकावर येऊन बसल्या. घरी जायला हरकत नव्हती. केएमटीची बस समोरच लागली होती, निघालीही. मनगटाला गूळ लागला होता. त्यांनी तो पुसला नाही. त्या चिकट डागाकडे बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की मघा त्या माणसाच्या हातावर बोटं मिटताना बनाबाई आठवल्या नव्हत्या. पहिल्यांदाच. इतकी वर्षं मी त्या तळव्याची वाट बघत जाळीच्या आत बसले होते, कुणीतरी बाहेरून येऊन माझी मूठ मिटेल म्हणून... आणि आता बाहेर होते. अलीकडे. जिथून मूठ मिटली जाते त्या बाजूला. इथे काच नव्हती, आणि गोळी आली तर अडवायला काहीच नव्हतं. बनाबाईंनाही तेव्हा, त्या रांगेसमोर, अडवायला काही नव्हतं. हे मला आजवर कसं सुचलं नाही?

काच असू दे, त्यांना वाटलं. आणखी जाड असली तरी चालेल. ती पोर तिच्यामागे जिवंत असू दे. आणि ती काच नको, ती आत्ताच्या आत्ता नाहीशी होऊ दे, हेही तितक्याच जोरानं वाटलं, आणि दोन्हींतलं एकही दुसऱ्याला जागा देईना.

खिडकीपाशी पावण्यांनी सदऱ्याच्या आत, बंडीच्या खिशात हात घातला. घडी घातलेल्या नोटा काढून ताटलीत ठेवल्या. पलीकडून साक्षीची बोटं आली, काठाशी थबकली, आणि मग आत उतरून नोटांवर टेकली. टेकून राहिली, की तसं फक्त काचेतून दिसलं? पारूबाई मान पुढे काढून बघत होत्या. बंडीतून निघालेली ऊब स्टीलवर किती टिकते... या एवढ्याशा अंतरात पोचत असेल का... साक्षीनं नोटा उचलल्या. मान खाली होती. स्पंजाची वाटी तिच्या उजव्या हाताशी होती, आणि शेजारी पाण्याची बाटली, आणि बाटली बंद होती.

पुढची बस कधी आहे, हे रखवालदाराला विचारता आलं असतं, तो जवळच उभा होता. विचारलं नाही.